कुरणावरचे दोन दिवस : ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागाविषयी वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले-मुली आता मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन या शहरांत स्थिरावली आहेत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या आई-वडिलांची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. यातील बहुतेकांचे आयुष्य शेतीत गेले आहे. त्यांना शहर पाहायचे असतेच, पण तिथला गोठा, तिथले पीक आणि तिथला शेतकरी पाहण्याची ओढ त्याहून अधिक असते. माझी मुलगी व्हिक्टोरिया राज्यातील दक्षिण गिप्सलँड या दुधाच्या पट्ट्यात राहते, त्यामुळे तो भाग मला जवळून पाहता आला आहे. या अंकात अशाच निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे मुलाकडे मेलबर्नला जात आहोत. त्याला सुट्टी फक्त शनिवारी-रविवारी असते. पर्यटनस्थळे नकोत, खरे खेडे पाहायचे आहे. कुठे जावे आणि काय पाहावे? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आपण निवडलेला काळ उत्तम आहे. ऑक्टोबर म्हणजे दक्षिण गोलार्धातील वसंत ऋतू; कुरणे हिरवीगार असतात, गायी भरपूर दुधात असतात आणि मुरघासासाठी गवताची कापणी सुरू झालेली असते. मेलबर्नच्या आग्नेयेस साऊथ गिप्सलँड हायवेने निघालात की शंभर ते एकशे पस्तीस किलोमीटरच्या टप्प्यात लॉक, कोरंबरा, लिओनगाथा ही लहान गावे लागतात. यांपैकी एकाच गावी शुक्रवारी रात्री मुक्कामाला जावे आणि रविवारी दुपारपर्यंत तिथेच राहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. दोन दिवसांत चार गावे करणाऱ्यांना चार बेकऱ्या आणि चार पेट्रोल पंप तेवढे दिसतात.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आपल्याकडे गावठाणात घराला घर लागून असते आणि शेते गावाबाहेर असतात. तिथे तसे गावठाणच नाही. प्रत्येक शेतकरी आपल्या जमिनीच्या मधोमध राहतो, शेजाऱ्याचे घर अर्ध्या-एक किलोमीटरवर, कधी त्याहून लांब असते. ज्याला ते लोक गाव म्हणतात ती खरे तर एक बाजारपेठ असते : प्रशस्त मुख्य रस्ता, दुतर्फा पत्र्याच्या पडव्या असलेली दुकाने, एक पब, एक बेकरी, टपाल कार्यालय, शेतीच्या साहित्याचे दुकान, क्रिकेट आणि फुटबॉलचे मैदान आणि एक सभागृह. या सभागृहात अवश्य डोकवावे. अनेक गावांत ते पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले आहे आणि भिंतीवरच्या लाकडी फलकावर त्या परिसरातून गेलेल्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली असतात. एकाच आडनावाची दोन-तीन नावे एकाखाली एक वाचताना मन गलबलते. त्या वेळी पन्नास लाखांहूनही कमी लोकसंख्या असलेल्या या देशाचे साठ हजारांहून अधिक सैनिक त्या युद्धात कामी आले. ज्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असणारी गावे आहेत, तिथल्या वाचकांना त्या फलकाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

शनिवारी सकाळी लवकर बाहेर पडावे. अनेक गावांत महिन्यातून एकदा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. त्याची तारीख मुलाला आधीच पाहून ठेवायला सांगावे. पिकवणारा स्वतः विकायला बसलेला असतो, त्यामुळे बटाट्याची जात, मधाचे फूल, गायीची संख्या, जे विचाराल त्याचे उत्तर मिळते. दुपारनंतर लहान गावांतील बरीच दुकाने बंद होतात, म्हणून खरेदी सकाळीच उरकावी. दुपारी बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेने चालावे. ‘ग्रेट सदर्न रेल ट्रेल’ या नावाची ही वाट कुरणांच्या मधून जाते. पूर्वी रेल्वे धावत असल्यामुळे चढ फार कमी आहे आणि गुडघेदुखी असलेल्यांनाही ती झेपते.

वाटेत दिसणाऱ्या त्या मऊ हिरव्या टेकड्या पाहून ‘किती निसर्गरम्य’ असे उद्गार सगळेच काढतात. मात्र १८७० नंतरच्या काही दशकांपर्यंत तिथे माउंटन ॲश या निलगिरीच्या कुळातील महाकाय वृक्षांचे घनदाट अरण्य होते. फुले येणाऱ्या वृक्षांमध्ये जगात सर्वांत उंच वाढणारी ही जात. सरकारकडून जमिनी मिळालेल्या वसाहतकारांनी कुऱ्हाड आणि आग यांच्या साहाय्याने ते अरण्य साफ केले आणि त्याआधी हजारो वर्षे ज्यांची ही भूमी होती ते मूळ रहिवासी हुसकले गेले. आज गावातील कार्यक्रमांच्या आरंभी त्या मूळ रहिवाशांचे स्मरण जाहीरपणे केले जाते. अरण्याचा उरलेला तुकडा पाहायचा असेल तर टारा-बल्गा राष्ट्रीय उद्यान त्याच डोंगररांगेत आहे. वाट थोडी वाकडी करावी लागली तरी चालेल, पण पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे चार म्हशी आणि दोन संकरित गायी आहेत. दूध गावातील संस्थेत घालतो. तिथला गोठा पाहण्याची फार इच्छा आहे. परक्या माणसाला पाहू देतात का आणि आपल्यापेक्षा वेगळे काय असते? (एक दूध उत्पादक, करवीर तालुका)

उत्तर : आधी विचारून, वेळ ठरवून गेल्यास बहुतेक शेतकरी आनंदाने दाखवतात. न विचारता फाटकातून आत जाणे मात्र तिथे घरात घुसण्याइतकेच वाईट समजले जाते. ओळख नसेल तर शेतावर मुक्कामाची सोय देणारी घरे निवडावीत. तेही न जमल्यास मेलबर्नपासून सुमारे दीड तासावर, फिलिप आयलंडलगतच्या चर्चिल आयलंड या जुन्या शेतावर गायीची धार काढणे आणि मेंढीची लोकर कातरणे पाहुण्यांसाठी करून दाखवले जाते. १८०१ मध्ये व्हिक्टोरियात युरोपीय लोकांनी पहिले पीक घेतले ते याच बेटावर.

पण आपण धंद्यातले आहात, म्हणून खऱ्या गोठ्यावरची सकाळच पाहावी. सकाळी पाचच्या सुमारास कुरणाकडे एक माणूस चारचाकी मोटारसायकल घेऊन जातो, सोबत एखादा कुत्रा असतो, आणि तीनशे गायी एका रांगेत, कोणी हाकारल्याशिवाय, गोठ्याकडे चालू लागतात. रांगेत पुढे कोणती गाय आणि मागे कोणती हा क्रम रोजचा ठरलेला असतो; पुढची मानकरी गाय दुसरीला पुढे येऊ देत नाही. गोठा म्हणजे आपल्यासारखी दावण नव्हे, ती फक्त धार काढण्याची जागा आहे. मोठ्या गोठ्यात एक गोल फिरता कट्टा असतो. गाय स्वतःहून त्यावर चढते, माणूस तिच्या मागे उभा राहून चार सडांना यंत्राचे कप लावतो, कट्टा सावकाश फिरत राहतो आणि फेरी पूर्ण होईपर्यंत दूध संपलेले असते. दूध थांबले की कप आपोआप गळून पडतात, गाय मागे सरकून उतरते आणि पुन्हा कुरणाची वाट धरते. दोन माणसे दोन-अडीच तासांत तीनशे गायींची धार उरकतात. दूध नळीतूनच थंड होत मोठ्या टाकीत जाते आणि संघाचा किंवा कंपनीचा टँकर थेट शेतावर येऊन ते घेऊन जातो. किटली घेऊन संस्थेच्या दारात रांग लावण्याचा प्रसंग तिथल्या शेतकऱ्यावर येत नाही. पण त्या रांगेतल्या गप्पाही त्याच्या वाट्याला येत नाहीत, हे मला राहून राहून जाणवते.

आपल्याला सर्वांत मोठे आश्चर्य वैरणीचे वाटेल. आपण वैरण कापून जनावरापुढे टाकतो, तिथे जनावर वैरणीपुढे नेले जाते. कुरणाचे पट्टे पाडून झटका मशीनच्या तारेने वेगळे केलेले असतात. एका पट्ट्यातले गवत खाऊन झाले की धारेनंतर गायी पुढच्या पट्ट्यात सोडतात आणि पहिल्या पट्ट्याला वाढायला तीन-चार आठवडे मिळतात. गिप्सलँडमध्ये गायी बाराही महिने उघड्यावर राहतात. पाऊस साधारण हजार मिलिमीटर, पण वर्षभर विभागून पडतो, म्हणून हे जमते. गगनबावड्याला चार महिन्यांत याच्या कितीतरी पट पडतो आणि मार्चपासून वैरणीची ओढाताण सुरू होते. तेव्हा त्यांची पद्धत उचलून आपल्याकडे लावता येणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गवत जोमाने वाढते त्या हंगामातच दूध जास्त यावे म्हणून बहुतेक गायी जुलै ते सप्टेंबर या काळात वितील असे रेतनाचे वेळापत्रक बसवतात. वसंतात दूध उतू जाते, जादा गवताचा मुरघास होतो आणि खर्च आटोक्यात राहतो.

दराची पद्धतही आपल्याला समजेल अशीच आहे. आपल्याकडे फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) पाहतात, तिथे दुधातील फॅट आणि प्रथिने यांच्या एकत्रित वजनावर, दर किलोमागे पैसे मिळतात. नवे दूधवर्ष १ जुलैला सुरू होते. २०२० पासून लागू झालेल्या दुग्धव्यवसाय आचारसंहितेप्रमाणे खरेदीदार कंपन्यांना १ जूनपर्यंत आपला किमान दर जाहीर करावा लागतो आणि एकदा जाहीर केलेला दर मागे जाऊन कापता येत नाही. या नियमामागे मोठी कडू कहाणी आहे. १९५० मध्ये व्हिक्टोरियातील शेतकऱ्यांनी स्थापन केलेला मरी गोलबर्न हा सहकारी संघ पुढे देशातील सर्वांत मोठा दूध प्रक्रिया संघ झाला होता. एप्रिल २०१६ मध्ये, दूधवर्ष संपायला दोन महिने उरले असताना, त्याने दर एकाएकी खाली आणला आणि आधी दिलेल्या जादा पैशांची वसुली पुढील वर्षांच्या दुधातून करण्याचे ठरवले. सभासद दुसऱ्या कंपन्यांकडे वळले, काहींनी गायी विकल्या आणि २०१८ मध्ये तो संघ कॅनडातील सपुटो या कंपनीने विकत घेतला. १९६३ पासून ज्या जिल्ह्यात ‘गोकुळ’ हा दूध संघ उभा आहे आणि दिवाळीला मिळणाऱ्या दूध दरफरकावर घराघरांतील सण ठरतो, त्या जिल्ह्यातील सभासदाने ही गोष्ट तिथल्या एखाद्या वयस्क शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावी. संघ कसा बुडतो हे तो आपल्याला कोणत्याही अहवालापेक्षा नीट सांगेल. माझ्या मते आपल्या भेटीतील ती सर्वांत मोलाची घटका ठरेल.

शेतावर पाळायचा एक नियम तेवढा लक्षात ठेवावा. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, जसे आढळले तसेच सोडावे. उघडे फाटक सद्भावनेने लावून घेतल्यामुळे जनावरांची पाण्याकडची वाट बंद झाल्याचे प्रकार घडतात.

प्रश्न : मुलीच्या शेजारी एक शेतकरी कुटुंब राहते. त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावले आहे. त्यांच्यासाठी येथून पेढे, थोडा गूळ आणि घरच्या भाजीपाल्याचे बियाणे न्यावे असा विचार आहे. (एक वाचक, कागल)

उत्तर : आपली भावना सुंदर आहे, पण पेढे आणि बियाणे कृपया घरीच ठेवावे. लाळ्या-खुरकूत हा रोग ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आलेला नाही आणि लम्पी तर कधीच आलेला नाही. तो देश हे टिकवण्यासाठी विमानतळावर अत्यंत काटेकोर असतो, आणि लम्पीच्या साथीत आपल्या जिल्ह्यातील गोठ्यांनी काय सोसले ते आठवले म्हणजे त्या काटेकोरपणाचा राग येत नाही. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ, बियाणे, चामडे, मातीचे बूट यांविषयी प्रश्न असतात. गेल्या तीस दिवसांत आपण शेतावर किंवा जनावरांच्या संपर्कात होता काय, असाही एक प्रश्न असतो. आपण रोज गोठ्यात जाणारे आहात, तेव्हा ‘होय’ असेच लिहावे. ‘होय’ लिहिल्याने दंड होत नाही. अधिकारी वस्तू पाहतात, योग्य असेल तर देतात, नसेल तर काढून घेतात. लपवल्यास मात्र जागेवरच मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. गूळ किंवा चटणी न्यायचीच असेल तर कंपनीच्या बंद पाकिटातील घ्यावी, कार्डावर लिहावी आणि निर्णय अधिकाऱ्यांवर सोडावा. चपलांचा नवा कोरा, माती न लागलेला कोल्हापुरी जोड ही उत्तम भेट होईल. चामड्याची वस्तू म्हणून तोही जाहीर करावा. शेतात वापरलेले बूट न्यायचे असल्यास तळव्याच्या खाचांतील माती ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्यावेत.

रविवारच्या जेवणाला तिथे प्रत्येक पाहुण्याने घरून एखादा पदार्थ करून नेण्याची रीत आहे. यजमानांनी काही सांगितले नसेल तरी मुलीच्या स्वयंपाकघरात बेताच्या तिखटाची बटाटाभाजी आणि पुऱ्या कराव्यात. पातेले रिकामे परत येईल.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातही ऊस होतो असे ऐकतो. मुलगा ब्रिस्बेनला आहे. शनिवार-रविवारी जाऊन पाहता येईल का? तिथे तोडणी मजुरांचे काय करतात? (एक ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर : ऊस भरपूर होतो. देशातील बहुतेक ऊस क्वीन्सलँड राज्याच्या किनारपट्टीवर, केर्न्सपासून मकाय, बंडाबर्गपर्यंत पिकतो आणि थोडा न्यू साऊथ वेल्सच्या उत्तर टोकाला. ब्रिस्बेनहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, न्यू साऊथ वेल्समधील ट्वीड नदीच्या खोऱ्यात मर्विलंबा हे टुमदार गाव आहे आणि त्याजवळ काँडाँग येथे साखर कारखाना आहे. हा आणि त्याच राज्यातील आणखी दोन कारखाने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९७८ मध्ये एका बड्या कंपनीकडून विकत घेतले. म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकाराशी नाते असलेला कारखाना पाहणे होईल. गाळप हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर असतो. आपला हंगाम सुरू होता होता त्यांचा संपतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे.

तोडणी संपूर्ण यंत्राने होते आणि गेल्या चार-पाच दशकांत उसाला कोयता लागलेला नाही. यंत्र उसाचे वीतभर तुकडे करून शेजारून चालणाऱ्या गाडीत टाकते, पाचट रानातच पसरते. क्वीन्सलँडमध्ये हे तुकडे कारखान्याकडे नेण्यासाठी सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचे अरुंद रेल्वेमार्ग आहेत. त्यांच्या रुळांमधील अंतर दोन फूट असते आणि शेतांच्या कडेने, कधी गावाच्या मुख्य रस्त्याला छेदून उसाची गाडी जाते. ट्वीड खोऱ्यात रेल्वे नाही, ट्रक आहेत. तेव्हा ही गाडी पाहायची असेल तर बंडाबर्ग गाठावे लागेल आणि त्यासाठी जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी हवी.

आपल्या प्रश्नातील मजुरांचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८६३ ते १९०४ या काळात प्रशांत महासागरातील बेटांवरून सुमारे ६२ हजार माणसे क्वीन्सलँडच्या मळ्यांवर आणली गेली. त्यांतील कित्येकांना फसवून किंवा पळवून आणले होते. १९०१ मध्ये देश एकसंध झाला आणि गोऱ्यांखेरीज कोणी नको या धोरणाखाली कायदा करून यांतील बहुतेकांना परत धाडण्यात आले. पुढे इटलीतून आलेल्या मजुरांनी ऊस तोडला, आणि न्यू साऊथ वेल्सच्या उत्तरेत काही पंजाबी लोकांनीही. त्या पंजाब्यांपैकी अनेक जण नंतर कॉफ्स हार्बरजवळच्या वूलगूल्गा येथे केळीच्या बागा करून स्थायिक झाले. तिथला १९६८ चा गुरुद्वारा देशातील पहिला मानला जातो. ब्रिस्बेन-सिडनी प्रवास मोटारीने करणार असाल तर तिथे थांबून लंगरमध्ये जेवावे. बीड-पाथर्डीकडून आलेल्या टोळ्यांच्या खोपी दर हंगामात आपल्या बांधावर उभ्या राहतात. त्या खोपीतील मुलांची शाळा बुडते, बाया पोटुशी असताना मोळी उचलतात. यंत्र आले की हा प्रश्न आपोआप सुटेल असे अनेक बागायतदार मला सांगतात. ऑस्ट्रेलियात यंत्र येण्याआधी त्या माणसांचे काय झाले हे वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. त्यांच्या पुनर्वसनाचा विचार यंत्राच्या आधी व्हायला हवा.

दोन गोष्टी कारखान्यावर आवर्जून विचाराव्यात. प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातील साखरेचे प्रमाण स्वतंत्र तपासून त्याप्रमाणे पैसे कसे देतात, ही पहिली. आपल्याकडे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते, त्यामुळे उत्तम ऊस पिकवणाऱ्याला त्याचे वेगळे फळ मिळत नाही. दुसरी गोष्ट हुमणीची. तिथेही उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीने शेतकरी हैराण झाले होते, म्हणून तिचे भुंगेरे खाण्यासाठी १९३५ मध्ये हवाईहून एक मोठा विषारी भेक आणून सोडला. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, भेक जमिनीवर. हुमणी कमी झाली नाही, भेक मात्र हजारो किलोमीटर पसरला आणि त्याला खाऊन तिथले मूळचे साप, घोरपडी आणि लहान मांसाहारी प्राणी मरू लागले. रात्री मर्विलंब्याच्या रस्त्यावर तो आपल्यालाही दिसू शकेल.

प्रश्न : माझी मुलगी परिचारिका आहे. तिला व्हिक्टोरियातील एका लहान गावाच्या रुग्णालयात नोकरी मिळाली आहे. तिथे मराठी तर सोडाच, भारतीयही फारसे नाहीत असे म्हणते. शनिवार-रविवारी ती एकटी काय करील, या विचाराने झोप लागत नाही. (एक वाचक भगिनी, गारगोटी)

उत्तर : ताई, आपली काळजी मला परकी नाही. पहिले काही महिने कठीण जातील, विशेषतः जून ते ऑगस्टचा हिवाळा, जेव्हा पाच-साडेपाचला अंधार होतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. पण त्या गावांची एक बाजू आपल्याला ठाऊक असावी. माणसे थोडी आणि अंतरे मोठी असल्यामुळे तिथे बहुतेक सार्वजनिक कामे गावकरी स्वतःच, विनामोबदला करतात : अग्निशमन दल, क्रीडा संघ, वाचनालयाचे उपक्रम, जुन्या कपड्यांचे धर्मादाय दुकान, वार्षिक कृषी मेळावा. प्रत्येक ठिकाणी माणूस कमीच पडत असतो, त्यामुळे नव्याने आलेल्या, हाताने काम करायला तयार असलेल्या मुलीचे स्वागत मनापासून होते. आणि परिचारिकेला तर सारे गाव चार आठवड्यांत नावाने ओळखू लागते.

तिला कंट्री विमेन्स असोसिएशन या संघटनेच्या स्थानिक शाखेत जायला सांगावे. १९२२ मध्ये न्यू साऊथ वेल्समध्ये ती सुरू झाली ती एकाकी शेतांवर राहणाऱ्या बायकांना डॉक्टर, दाई, बाळंतिणींसाठी सोय आणि एकमेकींची सोबत मिळावी म्हणून. बाहेरच्यांना ही संघटना तिच्या स्कोन, जॅम आणि विणकामामुळे माहीत असते. मात्र गावोगावी माता-बालक आरोग्य केंद्रे उभी राहावीत म्हणून या बायकांनी सरकारचा पिच्छा पुरवला होता. आजही शाखेत साठी-सत्तरीच्या बायका अधिक असतात. आईच्या वयाच्या चार बायका गावात ओळखीच्या असणे हे एकट्या मुलीसाठी फार मोठे बळ आहे, असे मी अनुभवाने सांगतो. हिवाळ्यातील शनिवार फुटबॉल आणि नेटबॉल या बास्केटबॉलसारख्या खेळाचा. सारा परिसर मैदानाभोवती मोटारी उभ्या करून सामने पाहतो, मुलींचे नेटबॉल संघ वयोगटांप्रमाणे असतात आणि खेळता येत नसेल तरी गुण लिहायला, चहाच्या खिडकीत उभे राहायला कोणीतरी हवेच असते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कृषी मेळावे भरतात. तिथे यंत्रांच्या बरोबरीने फळांचा केक, लोणची, फुलांची मांडणी यांच्या स्पर्धा असतात आणि पांढरा अंगरखा घातलेली आठ-दहा वर्षांची मुले आपली कालवड दोरीला धरून परीक्षकापुढे चालवतात. आपल्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची कृती तिला लिहून द्यावी. स्पर्धेत ठेवू दे.

आपण ज्या निर्जन ऑस्ट्रेलियाची चित्रे पाहता, ती बहुधा आतल्या कोरड्या प्रदेशाची असतात. तिथे दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात ॲना क्रीक नावाचे एक गुरांचे कुरण सुमारे १५,७०० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून मोठे. अशा भागांत १९२८ पासून विमानाने डॉक्टर जातो. ही सेवा सुरू करणारे धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांचे चित्र वीस डॉलरच्या नोटेवर आहे. मुलांसाठी १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्स येथे रेडिओवरची शाळा निघाली आणि आता ती इंटरनेटवर चालते. व्हिक्टोरियातील गावे इतकी दूरची नाहीत. तिथून मेलबर्न सहसा काही तासांच्या अंतरावर असते, महाराष्ट्र मंडळाचा गणपती तिला तिथे मिळेल. तिने शक्य तितक्या लवकर मोटार चालवायला शिकावे, एवढे मात्र नक्की. गाडीशिवाय त्या गावात माणूस खरोखरच एकटा पडतो.

प्रश्न : आम्ही जानेवारीत जाणार आहोत. वणवे, साप, कांगारू यांच्या बातम्या वाचून घरचे नको म्हणतात. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : सापाची भीती शिरोळच्या उसापेक्षा अधिक बाळगण्याचे कारण नाही. उंच गवतात चालू नये, बूट घालावेत. दंश झालाच तर हालचाल थांबवावी, हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्ट गुंडाळावा आणि ००० या क्रमांकावर फोन करावा. कांगारूंचा धोका मोटारीला असतो. पहाटे आणि दिवस मावळताना ते रस्त्यावर झेप घेतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

वणवा हा मात्र गंभीर विषय आहे. ७ फेब्रुवारी २००९ या एका दिवशी व्हिक्टोरियात पेटलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील कित्येक जण आपापल्या घरांत किंवा निघायला उशीर झाल्यामुळे वाटेत गेले. तेव्हापासून ‘लवकर निघा’ यावर सारा भर आहे. रस्त्याच्या कडेला रंगीत अर्धवर्तुळाचा फलक दिसेल. मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक या चार पायऱ्यांत त्या दिवसाचा धोका त्यावर दाखवतात. शेवटच्या दोन पायऱ्या जाहीर झाल्या असतील तर त्या भागातील सहल सरळ रद्द करावी, कितीही पैसे भरले असले तरी. संपूर्ण अग्निबंदीच्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळशाची शेगडी पेटवणे हा गुन्हा आहे. वाळलेल्या गवतावर मोटार उभी करू नये, तापलेल्या नळीने गवत पेटते. फोनवर राज्य सरकारचे ‘व्हिक इमर्जन्सी’ हे ॲप घ्यावे. आग विझवायला जे लाल बंब धावतात, त्यांवर ग्रामीण भागात बहुतांशी पगारी जवान नसतात; सकाळी धार काढून आलेला शेतकरी, शाळेतील शिक्षिका, बेकरीवाला असे गावकरीच असतात. त्यांच्या केंद्रावर दान टाकण्याची पेटी असते.

प्रश्न : मोटार नसेल तर रेल्वेने एका दिवसात एखादे गाव पाहून येता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : येईल. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून व्ही-लाइन या राज्याच्या ग्रामीण रेल्वेसेवेच्या गाड्या सुटतात. मार्च २०२३ पासून राज्यभरातील या गाड्यांचे दिवसाचे भाडे मेलबर्न शहरातील दिवसभराच्या भाड्याइतकेच मर्यादित केले आहे, त्यामुळे दूरचा प्रवासही स्वस्त पडतो. गिप्सलँडकडे जाणाऱ्या गाडीने वॉरगल हे दुधाच्या पट्ट्यातील गाव पाहून संध्याकाळी परत येता येते. शनिवारी-रविवारी दुरुस्तीमुळे काही टप्प्यांत रेल्वेऐवजी बस असते, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक पाहावे. बेकरीत भाज्यांचे सारण भरलेली पेस्टी मिळते, पण काही ठिकाणी त्यात किंवा पिठात चरबी वापरतात, म्हणून विचारून घ्यावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मुलाच्या घरी करून डब्यात नेलेली सर्वांत चांगली. गाडीत डबा उघडायला हरकत नसते.